समोरच्या घराची खूण

७ फेब्रुवारी २०२३, मंगळवार

दुपारचे ३ वाजून १० मिनिटं झाली आहेत. आत्तापर्यंत मी डाव्या हातावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून, मनगटाशी रबर लावून, उजव्या हाताने बँकेतल्या उंच साहेबांच्या सहा शर्टांना इस्त्री करत होतो. सहावा झाला. इस्त्री बंद केली, बटण दोनदा तपासलं आणि लिहायला बसलो.

दादा,

पत्राच्या डोक्यावर काय लिहावं ते ठरेना, म्हणून नुसतं दादा. नमस्कार शेवटी लिहीन. सगळं वाचून झाल्यावर हवा तर घे.

आधी पिशवीचं सांगतो. परवा रविवारी, सकाळी अकरा ते दुपारी पाऊण, मी डाव्या हाताच्या पाठीवर टॅटू काढून घेतला. अंगठा आणि मनगट यांच्या मधल्या जागेत. लांबी चार सेंटिमीटर, रुंदी अडीच. रंग काळा. पूर्ण बाहीचा शर्ट घातला तरी दिसतो. मी घालून पाहिला.

पंधरा दिवस तो भाग पाण्यात बुडवायचा नाही, असं टॅटूवालीने कागदावर लिहून दिलं आहे. लाँड्रीतल्या माणसाने हे आधी विचारायला हवं होतं. मी सतरा प्रश्न लिहून नेले होते. सुई नवी आहे का, शाईच्या बाटलीवर तारीख आहे का, मला ताप आला तर कोणाला फोन करायचा. पाण्याचंच तेवढं राहिलं. आईला सांगितलं आहे की इस्त्रीचा चटका बसला. ती रोज मलम लावायला मागे लागते आणि मी रोज म्हणतो, लावलं. मलम खरोखर लावतो, फक्त ते चटक्याचं नाही.

तू म्हणशील, हे आत्ताच कशाला केलंस. २७ तारखेला हॉटेलातली मुलाखत आहे. लाँड्रीच्या काउंटरची जागा, अठरा हजार पगार, आणि तू तिथे माझ्यासाठी शब्द टाकला आहेस. तू पाठवलेला नियमांचा कागद माझ्याकडे आहे. नववा नियम असा आहे की चेहरा, मान आणि हात यांवर दिसेल असं काहीही गोंदलेलं नसावं. तो मी रविवारच्या आधी दोनदा वाचला होता. माझ्याकडून अजाणता झालं असं तुला वाटू नये, म्हणून हे लिहितो आहे.

कारण विचारशील. आवडलं म्हणून, असं समज.

काढलं काय, तर आपल्या घराची खूण. तुला आठवत असेलच, पण बरीच वर्षं झाली म्हणून लिहितो. एक आकडी आणि तिच्या तोंडासमोर तीन ठिपके. आई शाळेत गेली नाही, पण आज एकशे बेचाळीस घरांचे कपडे आपल्याकडे येतात आणि प्रत्येक घराची खूण तिच्या डोक्यात आहे. कॉलरच्या पट्टीत, चादरीच्या कोपऱ्यात, न निघणाऱ्या शाईने ती काढते. पोलिसातल्या साहेबांना दोन तिरक्या रेघा, कारण त्यांच्या मिशा. गाण्याच्या बाईंना लाट. बँकेतल्या साहेबांना एकच उभी रेघ, आणि ती रेघसुद्धा तिला पुरेशी उंच वाटत नाही. बाबा गेले तेव्हा गिऱ्हाइकांची वही बाबांच्या अक्षरात होती आणि मी आठवीत होतो. तू शिकत होतास. वही वाचणारं घरात कोणी नाही म्हणून मी शाळा सोडली खरी, पण वर्षभरात माझ्या लक्षात आलं की ती वही आईला कधी लागतच नव्हती. हे तिने मला शाळा सोडू देण्याआधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणते, मला वाटलं तुला शाळेचा कंटाळा आलाय.

टॅटूवालीचं दुकान बॅटरीच्या दुकानावर आहे. तिच्याकडे लोक पंख, वाघ आणि प्रेयसीची नावं काढायला येतात. माझा कागद तिने उलटसुलट करून पाहिला आणि हे कुठल्या भाषेतलं अक्षर आहे ते विचारलं. मी म्हटलं, आमच्या आईच्या. मग तिने खुर्ची पुढे ओढली आणि नीट काम केलं. झाल्यावर म्हणाली, इतक्या कमी रेघांत एवढं पक्कं बसलेलं चित्र मी फार पाहिलं नाही. मी ते वाक्य बसमध्ये तिकिटाच्या मागे लिहून ठेवलं.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर मी घाबरतो आणि भलतंच बोलतो. शिवाय शाळा सोडली तेव्हा महिन्याला दोन पत्रं लिहायची, म्हणजे लिहिणं सुटणार नाही, हा नियम तूच घातलास. तू लाल शाईने चुका दाखवून पत्र परत पाठवतोस. मागच्यात एकच होती. यातही शब्दकोश शेजारी ठेवला आहे.

नमस्कार.

तुझा धाकटा


१२ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ८

दादा,

तुझं पाकीट शुक्रवारी मिळालं. आत माझंच पत्र होतं आणि त्यावर एकही लाल रेघ नव्हती. मी उजेडात धरून मागूनही पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सोबत तुझी चिठ्ठी: "पुसून टाक. लेझरने जातं, मी चौकशी केली. पैसे पाठवतो. नाही पुसलास तर २७ ला जाऊ नकोस, आणि मलाही लिहू नकोस."

तू "नाही पुसलास तर" असं लिहिलं आहेस. ते अजून ठरलेलं नाही. म्हणजे ते ठरेपर्यंत लिहायला हरकत नाही, असा मी अर्थ लावला आहे. चुकला असेल तर कळव.

पिशवी गुरुवारी काढली. लोकांचं सांगतो, कारण पुढेमागे तुझ्या कानावर येईलच. आमच्या धंद्यात लोक आधी हात बघतात. कपडा पांढरा झाला की नाही हे नंतर. गाण्याच्या बाईंनी घडी केलेल्या साड्या माझ्या हातातून न घेता टेबलावर ठेवायला सांगितल्या, आणि मग त्या आपल्या पिशवीत भरल्या. पोलिसातल्या साहेबांनी मला विचारलं की कुठल्या टोळीत आहेस. मी म्हटलं, इस्त्रीच्या. ते हसले नाहीत, म्हणून मी पुढे सगळं नीट समजावून सांगायला लागलो, तेव्हा कुठे ते हसले. कोपऱ्यावरच्या नव्या भाडेकरूंनी मात्र सोळा कपड्यांचं गाठोडं न धुताच परत नेलं. त्यांचं म्हणणं असं की अशी मुलं पुढे काय करतील सांगता येत नाही. मी त्यांच्या उशांच्या अभ्र्यांवरचे हळदीचे डाग तीन वेळा काढले आहेत, त्या वेळी काय करीन ते त्यांना बरोबर सांगता येत होतं.

एका आजींनी माझा हात आपल्या हातात घेतला, पदराला थुंकी लावली आणि पुसून पाहिलं. जात नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मग ठीक आहे, पक्कं काम आहे.

आता आईचं. गुरुवारीच तिला कळलं. भिजवलेल्या चादरी पिळायला दोन माणसं लागतात. मी एका हाताने पिळायला लागलो तेव्हा तिने पिशवी ओढून काढली. चटका कुठे आहे, तिने विचारलं. लोक आपले अंगावरचे कपडे आपल्या हातात देतात, ही एकच गोष्ट तिने नंतर तीनदा सांगितली. आवाज न चढवता. मग माझा हात दिव्याखाली नेला, चष्मा लावला आणि बराच वेळ पाहत राहिली. मला वाटलं होतं, खूण ओळखली की ती काहीतरी म्हणेल.

ती जे म्हणाली ते या पत्रात लिहीत नाही. बरं वाटलं की लिहीन.

वहिनींना नमस्कार.

तुझा धाकटा


२० फेब्रुवारी, सोमवार, दुपारी १ वाजून ४० मिनिटं

दादा,

तुझे बारा हजार शनिवारी मिळाले. मोजून पाकिटात ठेवले आहेत, पाकिटावर तारीख घातली आहे, वापरलेले नाहीत. लेझरवाल्यांकडे जाऊन आलो. चार वेळा यावं लागेल आणि तरी किंचित सावली राहील, असं ते म्हणाले. हे तुझ्या चौकशीत आलं होतं का, माहीत नाही.

मागच्या पत्रात राहिलेलं आता लिहितो. चष्मा लावून बराच वेळ पाहिल्यावर आई म्हणाली, "अरे, हा हात दातांच्या डॉक्टरांचा आहे."

मला आधी कळलंच नाही. तिने वहीच्या पाठीमागे दोन्ही खुणा शेजारी शेजारी काढून दाखवल्या. आपली आकडी उजवीकडे उघडते आणि ठिपके उजवीकडे. डॉक्टरांची डावीकडे उघडते, ठिपके डावीकडे. दुकान सुरू झालं तेव्हा पहिलं गिऱ्हाईक म्हणजे समोरच्या घरातले डॉक्टर. तेव्हा आईला एकच खूण येत होती, आपली. ते आपल्या समोर राहतात म्हणून तिने तीच समोरासमोर करून त्यांना दिली. बाबा म्हणायचे, दोन घरं एकमेकांकडे तोंड करून उभी आहेत. हे तुला माहीत असेल. मला माहीत नव्हतं.

कसं झालं ते सांगतो, म्हणजे निष्काळजीपणा केला असं तुला वाटणार नाही. मी आठवणीवर भरवसा ठेवला नाही. घरचे कपडे सगळ्यात शेवटी, वेगळ्या टबात, खूण न बघताच धुतले जातात. डॉक्टरांचे आई स्वतः लावते. दोन्ही खुणा माझ्या हातांखालून रोज जातात, आणि म्हणूनच मी त्या कधी वाचत नाही. तेव्हा अस्सल बघून घ्यावी म्हणून मी बाबांचा ट्रंकेतला शर्ट काढला. पट्टीच्या आतल्या बाजूची खूण मानेला घासून पार फिकी झाली होती. बाहेरच्या बाजूला, कॉलरच्या घडीखाली, तीच शाई झिरपून आली होती, ती मात्र काळीभोर. मी तिच्यावर पातळ कागद ठेवून, पेन्सिलीला टोक करून, रेघेवर रेघ गिरवली. म्हणजे पाठीकडून. आठवणीने काढली असती तर बरोबर आली असती. मी खात्री करायला गेलो.

त्या रात्री जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी टॅटूवालीकडे गेलो. ती माझ्यापेक्षा जास्त घाबरली. पुन्हा पुन्हा माझाच कागद मला दाखवत होती, की बघ, तू आणलास तसंच आहे. मी म्हटलं, चूक माझी आहे. मग ती म्हणाली, यावर अर्ध्या पैशात फूल करून देते, कोणाला कळणार नाही. मी तिला विचार करून सांगतो म्हटलं आणि बसमध्ये सगळी वाट विचार केला. तुझं म्हणणं पुसून टाक. तिचं म्हणणं झाकून टाक. दोन्ही केलं तर सगळे सुटतात. पण मग मी हे ज्याच्यासाठी केलं ते राहत नाही.

आता ते कारणही लिहितो, कारण "आवडलं म्हणून" हे खोटं होतं.

नोव्हेंबरमध्ये मी चार दिवस तुझ्याकडे आलो होतो. तिसऱ्या दिवशी तू आणि वहिनी बाहेर गेलात आणि मला रिकामं बसवेना, म्हणून मी तुझे शर्ट इस्त्रीला काढले. अकरा होते. आईने तुझ्यासाठी धुऊन, खूण करून दिलेले. प्रत्येक शर्टाच्या पट्टीत खुणेची जागा ब्लेडने कापून काढलेली होती आणि तिथे पांढऱ्या दोऱ्याने रफू होतं. मी अकराही पाहिले, एखादा राहिला असेल म्हणून. मग इस्त्री केली आणि होते तसे लावून ठेवले. तू आल्यावर छान झाली म्हणालास.

तुला ऑफिसात कोणीतरी काहीतरी विचारलं असेल. कोट काढून ठेवताना कोणाच्या नजरेला पडलं असेल. मी विचारलं नाही आणि आताही विचारत नाही. आईलाही सांगितलेलं नाही. फक्त परतीच्या प्रवासात मला वाटत राहिलं की अशा जागी काढावी जिथे ब्लेड चालवता येत नाही, आणि माझ्याच अंगावर काढावी, म्हणजे तुला काही त्रास नाही. त्रास झालाच, ते मला दिसतं आहे.

आईने काय केलं ते आता ऐक. गेल्या मंगळवारी संध्याकाळी तिने चांगली साडी नेसली, मला बरोबर घेतलं आणि रस्ता ओलांडून डॉक्टरांकडे गेली. पेशंट संपेपर्यंत आम्ही बाकावर बसलो. आत गेल्यावर तिने माझा हात धरून त्यांच्या टेबलावर ठेवला, दाखवायला आणलेल्या दातासारखा, आणि म्हणाली, "डॉक्टर, तुमची खूण माझ्या मुलाने चुकून घेतली आहे. परत करता येत नाही. तुम्ही दुसरी घ्याल का?"

डॉक्टरांनी विचारलं, "मला खूण होती?"

सव्वीस वर्षं, आई म्हणाली. त्यांनी तिथेच पांढरा कोट उतरवला, कॉलर उलटी केली आणि दिव्याखाली धरून पाहिली. मग माझा हात पाहिला. मग पुन्हा कॉलर. पोराचा हात बदलण्यापेक्षा माझे कोट बदलणं सोपं आहे, असं ते म्हणाले, आणि आपल्याला नवी खूण काय मिळणार हे त्यांनी दोनदा विचारलं. आईने कागदावर दाढ काढून दाखवली. ते एवढे खूश झाले की त्यांनी कंपाउंडरला बोलावून दाखवली.

तेव्हापासून आई रोज दुपारी घरातले कपडे घेऊन बसते. आमचे दोघांचे, पडदे, चादरी, बाबांचा ट्रंकेतला शर्टसुद्धा. जुनी खूण जात नाही, म्हणून तिच्यावर एक आडवी रेघ आणि शेजारी नवी, डावीकडे उघडणारी. दर कपड्याला ती माझा हात ओढून घेते आणि त्याच्यावरून बघून काढते. तिला बघायची गरज नाही, हे मला माहीत आहे. काल म्हणाली, "माझं अक्षर आजवर कोणी जपून ठेवलं नव्हतं रे. तू ठेवलंस, तेही उलटं." आणि हसली.

तेव्हा दादा, पुसणार नाही. आता हे ठरलं. तुझ्या चिठ्ठीप्रमाणे २७ ला जाऊ नये आणि तुला लिहू नये. दुसरं मी मोडलंच आहे, म्हणून पहिलंही मोडीन म्हणतो. तुझं नाव तिथे कुठेही घेणार नाही.

तुझा धाकटा


२७ फेब्रुवारी, सोमवार, संध्याकाळी ६

दादा,

मुलाखत ११ वाजता होती. मी ९ वाजून ५० मिनिटांनी पोचलो आणि समोरच्या बसथांब्यावर पाऊण तास उभा राहिलो. पांढरा शर्ट, पूर्ण बाही. हात खिशात घालायचे नाहीत, असं स्वतःला बजावलं होतं.

कपड्यांच्या कोठीच्या मॅडम पन्नाशीच्या आहेत. त्यांनी माझे कागद बघितलेच नाहीत. हात पुढे कर, म्हणाल्या. नखं पाहिली, तळवे पाहिले, मग उलटे केले.

"नियम वाचला नव्हतास?"

"वाचला होता. दोनदा."

"मग?"

मी घरून उत्तर पाठ करून गेलो होतो. ते आठवलं नाही. मी म्हटलं, मॅडम, ही आमच्या घराची खूण आहे. आमची लाँड्री आहे. आधी ही समोरच्यांची होती, आता आमची आहे. मग मला वाटलं हे त्यांना कळलं नसणार, म्हणून पहिल्यापासून सगळं सांगितलं, बाबांच्या शर्टापासून दाढेपर्यंत. तुझं नाव घेतलं नाही, रफूचंही बोललो नाही. मधेच एकदा फोन वाजला, तो त्यांनी उचलला नाही.

ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, नियम मी केलेला नाही आणि मी मोडू शकत नाही. काउंटरवर पाहुणे हात बघतात. त्यांनी टेबलाच्या खणातून सुती हातमोजे काढले आणि माझ्यापुढे ठेवले. हे घालून उभा राहणार असशील तर जागा तुझी, पगार ठरल्याप्रमाणे. नाहीतर खाली तळघरात घड्या घालायची आणि कपडे लावायची जागा आहे. तिथे कोणी बघायला येत नाही. पगार साडेचार हजारांनी कमी.

मी मोजे घालून पाहिले. मापाचे होते. शेजारी टॉवेलांचा ढीग होता, त्यातला एक उचलून घडी घातली. आणि दादा, मला काही कळेना. घडी घालताना शिवण दमट आहे की सुकली हे बोटांच्या टोकांना कळतं, आणि दमट राहिली तर दुसऱ्या दिवशी वास येतो. मोज्यातून सगळंच कोरडं. मी मोजे काढून तोच टॉवेल पुन्हा धरला आणि म्हटलं, मॅडम, हा ओला आहे. खालचे तीनही.

त्यांनी स्वतः हात लावून पाहिलं आणि कोणाला तरी हाक मारली, ती जरा मोठ्यानेच.

मी खालची जागा घेतली. लपवायला तयार नव्हतो म्हणून खाली गेलो, असं मला अभिमानाने लिहिता आलं असतं आणि तेही खोटं नव्हतं. पण आधी मोज्यांचं होतं, ते तुला खरं सांगतो. मॅडमनी विचारलं, साडेचार हजार सोडतोस, नंतर वाईट वाटणार नाही ना. मी म्हटलं, वाटेल, पण मोजून ठेवलं आहे.

जाताना त्या म्हणाल्या, त्या आकडीत ठिपके तीनच का. घरी येऊन आईला विचारलं. ती म्हणाली, तेव्हा आम्ही तिघंच होतो. तू नव्हतास.

मग हिशेब केला. त्या तिघांत तू आहेस. मी नाही. माझ्या हातावर तुम्ही तिघं आहात. मला त्याचं वाईट वाटलं नाही. चौथा ठिपका देऊ का, असं आईने विचारलं, तर मी म्हटलं नको, मी हाताच्या मागे आहेच.

एक तारखेपासून कामावर जाईन. तू हे पत्र उघडलं नाहीस तर तुला कळणार नाही, म्हणून पाकिटावरही बारीक अक्षरात लिहिलं आहे: नोकरी लागली.

तुझा धाकटा


११ मार्च, शनिवार, दुपारी २ वाजून २० मिनिटं

दादा,

तुझं पार्सल सकाळी आलं. आईने उघडलं, कारण वर तिचं नाव होतं. आत एक पांढरा शर्ट आणि बाकी काही नाही. मी कागद झटकून पाहिला, खिशात पाहिलं. मग पट्टी उलटी केली, तेव्हा कळलं की पाहायचं ते तिथे आहे.

आईला मी नोव्हेंबरचं सांगितलं नव्हतं, हे तुला लिहिलंच होतं. आता तिला दिसलं. मी काहीतरी बोलायच्या बेतात होतो. ती शर्ट घेऊन खिडकीशी गेली, पट्टीवरून अंगठा फिरवला, चष्मा कपाळावर चढवला आणि रफू डोळ्यांजवळ नेलं. बराच वेळ. मग म्हणाली, "हा टाका आपल्या घरचा आहे."

मला वाटलं होतं ते वहिनींनी किंवा शिंप्याने केलं असेल. आई म्हणाली, शिंपी शेवटी गाठ मारतो. हा दोरा गाठ न मारता तीनदा मागे वळवून आत घेतला आहे. तू दहा वर्षांचा असताना शाळेच्या पँटवर तिने तुला हेच शिकवलं होतं, आणि तू रडत रडत सहा वेळा उसवलं होतंस. तिने मला तो टाका दाखवला. मी भिंग आणून पाहिला. खरोखर तीनदा आहे. अकराही तूच बसून केलेस का? एकेका शर्टाला अर्धा तास तरी लागला असणार.

खुणेचं ती एका शब्दाने बोलली नाही. शर्ट भिजवला, धुतला, सावलीत वाळवला. मी हात पुढे केला तर म्हणाली, राहू दे, ही मी बघून काढत नाही. रफूवर शाई पसरते, म्हणून तिने बोटभर बाजूला काढली. डावीकडे उघडणारी, नवी. शाई पक्की व्हावी म्हणून वरून इस्त्री मी फिरवली, कोरड्या हाताने, शिवणी तपासून.

मग ती म्हणाली, त्याला कापायची झाली तर पुन्हा कापू दे. जागा भरपूर आहे.

माझं काम बरं चाललं आहे. तळघरात उजेड कमी आहे. तिथल्या माणसांच्या सदऱ्यांवरचे आकडे धुऊन धुऊन गेले आहेत आणि कोणाचा सदरा कोणाकडे ते कळत नाही. मॅडमनी परवा विचारलं की तुझ्या आई इथे एक दिवस येतील का. आईने विचारलं, किती माणसं आहेत. मी म्हटलं, त्रेसष्ट. एवढीच, ती म्हणाली.

शर्ट या पत्राबरोबर पाठवतो आहे. मागची तीन पत्रं तू ठेवली असशील तर लाल शाई लावून पाठव. सगळ्यांत मिळून दोन चुका असाव्यात, माझ्या मते.

आता हिशेब, म्हणजे मागे काही राहायला नको.

टॅटू: २,८००
मलम: १४०
बसभाडं, टॅटूवालीकडे दोन फेऱ्या, लेझरवाल्यांकडे एक: १२०
एकूण खर्च: ३,०६०
पैकी आईकडून उसने: ६००. पहिल्या पगारावर देणे.
तू पाठवलेले: १२,०००. पैकी खर्च: काही नाही. परत. शर्टाच्या घडीत, पुठ्ठ्याखाली आहेत. मोजून घे.
शर्ट एक, धुलाई, इस्त्री आणि खूण: २५. तुझ्याकडून येणे.
शर्ट दहा: तुझ्याकडून येणे.

तुझा धाकटा